त्रदातच्या हुकमापासून माश्तोत्सच्या अक्षरांपर्यंत : आर्मेनियात पाच दिवस

आर्मेनियातल्या शाळकरी पोरालाही 301 हे साल पाठ असतं. त्या साली राजा तिसरा त्रदात ख्रिस्ती झाला आणि तोच राज्याचा धर्म ठरला, असं तिथली परंपरा सांगते. रोमन साम्राज्याला तिथवर यायला 380 उजाडलं. पण राजाने हुकूम काढला म्हणून डोंगरातल्या मेंढपाळाचा देव बदलत नाही. त्या हुकमानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी मेस्रोप माश्तोत्स हा साधू गोघ्तन भागात उपदेशाला गेला, तेव्हा तिथे जुनाच धर्म नांदत होता. ही मधली शंभर वर्षं हाच खरा विषय. नवा धर्म मुलखात आला तेव्हा देवस्थानच्या जमिनी कुणाच्या नावावर गेल्या, पुजाऱ्यांचं काय झालं, प्रार्थना कुठल्या भाषेत झाली, याचा माग आर्मेनियात अजून दगडात काढता येतो, आणि तोही एकाच शहरात मुक्काम ठेवून.

मुक्काम येरेवानमध्येच करावा. इथली सगळी ठिकाणं तिथून तासा-सव्वा तासाच्या आत आहेत. मुंबईहून शारजा, दुबई किंवा अबुधाबीला विमान बदलून जाता येतं. आखातात राहणाऱ्या मराठी मंडळींना तर हा तीन-साडेतीन तासांचा प्रवास. व्हिसाचे नियम बदलत असतात, तिकीट काढण्याआधी बघून घ्यावेत. मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने चांगले. जुलै-ऑगस्टमध्ये अराराटच्या सपाटीवर पारा चाळिशीला टेकतो आणि हवा धुरकट होते, तर हिवाळ्यात आरागात्स डोंगराच्या उतारावरचे रस्ते बर्फाने अडतात.

सुरुवात शुक्रवारी करावी. म्हणजे तिसरा दिवस रविवार येतो आणि एच्मियाड्झिनला, आर्मेनियन चर्चच्या मुख्य पीठात, मोठी उपासना सापडते. सोमवारी बहुतेक संग्रहालयं बंद असतात, तो दिवस उघड्यावरच्या जागांना जातो. हस्तलिखितांचं मातेनादारान रविवार-सोमवार बंद, म्हणून ते मंगळवारी. गावाकडे मोबाइलवरून मागवलेली टॅक्सी सोडायला येते, पण परतीला गाडी मिळत नाही. फसगत होते ती इथेच. जाताना थांबण्याच्या वेळेसकट भाव ठरवून गाडी थांबवूनच ठेवावी. मेणबत्त्या, पाणी, खेड्यातलं जेवण यासाठी रोख द्राम जवळ असावेत. चर्चमध्ये चपला काढायच्या नसतात. बायकांनी ओढणी जवळ ठेवावी, गुडघे झाकलेले असावेत. निघताना वेदीकडे पाठ न करता मागे सरकत दाराशी यायची रीत आहे.

पहिला दिवस (शुक्रवार) : गार्नी, गेघार्द

नवा धर्म कशाच्या जागी आला, ते आधी बघायचं. गार्नी येरेवानपासून 28 किलोमीटर. मिनिबसला इथे मार्शरुत्का म्हणतात. ती भरली की निघते, वेळापत्रकावर फार विसंबू नये. पुढे गेघार्दपर्यंत साधारण दहा किलोमीटर बस जात नाही, तिथे गार्नी गावातून जाऊन-येऊन टॅक्सी करावी.

आझात नदीच्या कड्यावर 24 खांबांचं बेसाल्टचं देऊळ उभं आहे. बांधणी ग्रीक-रोमन, देव मात्र मिह्र. हा मिह्र म्हणजे वेदातल्या मित्राचा सख्खा भाऊ. त्या काळच्या राजघराण्याचं मूळ पार्थियन होतं आणि देवही इराणी वळणाचे : आरामाज्द म्हणजे अहुर मज्दा, अनाहित ही जलाची आणि सुफलतेची देवी, आणि वहाग्न, ज्याच्या नावाचं मूळ आपल्या ‘वृत्रहन्’शी जाऊन मिळतं. ही नावं पुढचे चारही दिवस लागणार आहेत.

देवळाच्या पायऱ्या नऊच, पण एकेक 30 सेंटिमीटर उंच. गुडघे दुखत असतील तर कडेने, हात टेकत चढावं. 1679 च्या भूकंपात देऊळ कोसळलं आणि 1969 ते 1975 या काळात पुन्हा उभारलं गेलं. जुना दगड कोणता, नवा कोणता, हे ओळखणं सोपं आहे : जिथे नक्षी एकदम थांबून गुळगुळीत ठोकळा सुरू होतो, तो नवा. सिंहमुखांच्या पट्टीवर नजर फिरवली तर सांधे एकेक करून दिसू लागतात. जीर्णोद्धार करणाऱ्यांनी नव्या दगडावर जुनी नक्षी कोरायचं टाळलं, यासाठी त्यांचे आभारच मानायला हवेत.

राज्यातली बाकी सगळी देवळं पाडली गेली, मग हेच कसं वाचलं? सर्वमान्य उत्तर नाही. गार्नी हा राजवाड्याचा गड होता, त्रदातची बहीण खोस्रोविदुख्त हिच्या उन्हाळी निवासासाठी ही वास्तू राखली असावी, असा एक तर्क आहे. काही अभ्यासक तिला देऊळ न मानता रोमन धाटणीची समाधी मानतात. समाधी असेल तर तिला हात न लावण्याचं कारण आपोआप मिळतं. देवळाच्या पश्चिमेला, अगदी लगत, सातव्या शतकातल्या गोल चर्चचा पाया आहे. पुष्कळ लोक त्यावरून चालत जातात आणि त्यांच्या लक्षातही येत नाही. जुनं ठाण आणि नवं ठाण यांच्यात इथे काही पावलांचंच अंतर आहे. पलीकडच्या छपराखाली न्हाणीघरातली फरशी आहे. रंगीत खड्यांत समुद्रदेवता काढल्या आहेत आणि ग्रीक अक्षरांत लिहिलंय, ‘काहीही न मिळता आम्ही काम केलं.’ दारातूनच बघावी लागते, दुपारी आत अंधार वाटतो, तेव्हा सकाळीच गाठावी.

गेघार्दच्या दाराशी बायका ‘गाता’ विकतात. मैदा, लोणी आणि साखरेचं सारण असलेली ही ताटाएवढी गोड भाकर चौघांना पुरते. मठाचं जुनं नाव आयरिवांक, म्हणजे गुहेतला मठ. परंपरेने तो त्रदातला ख्रिस्ती करणाऱ्या ग्रिगोर लुसावोरिचचा. लुसावोरिच म्हणजे उजेड देणारा. आज दिसणारं बांधकाम तेराव्या शतकातलं आहे. आपल्या कामाचा आहे तो कातळात खोदलेल्या दालनातला झरा. हे पाणी ख्रिस्ती धर्माच्या आधीपासून पवित्र मानलं जात होतं आणि आजही लोक त्याने तोंड धुतात, बाटल्या भरून नेतात. देव बदलला, पाणी तेच राहिलं. छताच्या भोकातून पडणारी उजेडाची तिरीप सरकत सरकत भिंतीवरच्या क्रुसांवर येते. तेवढा वेळ तिथे उभं राहावं.

सालं वाचायची एक युक्ती इथेच शिकून घ्यावी. दगडावर कोरलेलं आर्मेनियन साल अक्षरांत असतं आणि त्यात 551 मिळवले की इसवी सन येतो. मुख्य चर्चचं साल 664, म्हणजे 1215.

दुसरा दिवस (शनिवार) : खोर विराप आणि आर्ताशात

सकाळी सातला निघावं. येरेवानपासून 40 किलोमीटर दक्षिणेला. 5,137 मीटर उंचीचा अराराट मठाच्या नैऋत्येला असल्याने सकाळचं ऊन त्याच्या तोंडावर पडतं. दुपारी उलट उजेड आणि धुरकट हवा, डोंगर पार नाहीसा होतो. तो आज तुर्कस्तानात आहे, आणि सीमा 1993 पासून बंद.

खोर विराप म्हणजे खोल विवर. आगाथांगेघोस या पाचव्या शतकातल्या इतिहासकाराची कथा अशी : ग्रिगोरच्या बापाने त्रदातच्या बापाचा खून केला होता. ग्रिगोर कॅपाडोशियातल्या (आजचा मध्य तुर्कस्तान) सीझेरियाला ख्रिस्ती म्हणून वाढला, पुढे ओळख लपवून त्रदातच्याच चाकरीला लागला. अनाहितच्या मूर्तीला फुलं-माळा वाहायला त्याने नकार दिला, ओळख उघडी पडली आणि राजाने त्याला या विवरात टाकलं. 13 वर्षं एक विधवा रोज भाकरी टाकत राहिली म्हणून तो जगला. मग राजाला वेड लागलं, तो रानडुकरासारखा वागू लागला, बहिणीला स्वप्न पडलं, ग्रिगोरला बाहेर काढलं आणि त्याच्या प्रार्थनेने राजा बरा झाला.

यात रानडुक्कर कुठून आलं, ते बघण्यासारखं आहे. वहाग्नचा इराणी जुळा वेरेथ्रघ्न याचं एक रूप रानडुकराचं होतं आणि इराणी राजमुद्रांवर हे जनावर मानाने विराजमान असे. जी खूण पराक्रमाची होती, तीच या कथेत राजाचा आजार झाली. नवा धर्म जुन्या चिन्हाला असाच उलटवून घेतो. डुक्कर लक्षात ठेवा, चौथ्या दिवशी ते पुन्हा भेटणार आहे.

विवर मोठ्या चर्चमध्ये नाही; तिथे शोधत बसलं की वेळ जातो. मोठं चर्च सतराव्या शतकातलं आहे. विवर शेजारच्या संत गेवोर्गच्या छोट्या देवघरात, वेदीच्या उजव्या हाताला. दाराजवळ दुसरं विवर आहे, ते वेगळं. खाली सुमारे सहा मीटर उतरायचं असतं, लोखंडी शिडी जवळजवळ सरळ उभी आणि तोंड इतकं अरुंद की पाठीवरची बॅग अडकते. बॅग वर सोबत्याकडे द्यावी, मोबाइल खिशात घालून खिसा बंद करावा, दोन्ही हात मोकळे हवेत. शिडीकडे तोंड करूनच उतरावं. एक माणूस पूर्ण खाली पोचल्याशिवाय दुसऱ्याने पाय टाकू नये. खालच्याच्या बोटांवर वरच्याचा बूट, हा इथला नेहमीचा अपघात. खाली मेणबत्त्या जळत असतात, हवा खेळत नाही, पाच-सहा माणसं झाली की उबायला होतं. कोंदट जागेची भीती किंवा दमा असेल तर वरूनच डोकवावं. गुळगुळीत तळव्याच्या चपला नकोतच.

बहुतेक लोक विवर बघून, फोटो काढून परत फिरतात आणि या जागेचं अर्धं महत्त्व तिथेच राहून जातं. मठ ज्या टेकडीवर आहे ती जुन्या आर्ताशात शहराच्या टेकड्यांपैकी एक. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात वसलेल्या या राजधानीत अनाहितचं मोठं देवस्थान होतं. ग्रिगोर सैन्य घेऊन ते पाडायला आला, तेव्हा सैतानांनी घोडदळ-पायदळाचं रूप घेऊन बाण मारले, असं आगाथांगेघोस लिहितो. हे सैतान म्हणजे देवस्थानचे पुजारी आणि त्यांची माणसं, हे कुणाच्याही ध्यानात येईल. म्हणजे धर्मांतर शांततेत झालेलं नव्हतं. देवळांचा खजिना गरिबांना आणि चर्चला, जमिनी चर्चच्या नावे, सेवेकरीही चर्चचे. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर देवस्थानची इनामं एका हुकमाने दुसऱ्या देवाच्या खाती चढली.

याच आर्ताशातला आर्मेनियन आणि जर्मन संशोधकांनी खोदकाम करून एका अष्टकोनी चर्चचे अवशेष उजेडात आणले, ते 2024 मध्ये जाहीर झाले. आठ बाजूंपैकी चार बाजूंना क्रुसासारखे बाहेर आलेले भाग आणि त्यांत लाकडी चौथरे होते आणि त्या लाकडाचा काळ चौथ्या शतकाच्या मध्यावर येतो. आर्मेनियात पुरातत्त्वाने सिद्ध झालेलं हे सर्वांत जुनं चर्च. परंपरा काय सांगते आणि माती काय सांगते, हे ताडून बघायला एवढी चांगली जागा दुसरी नाही.

तिसरा दिवस (रविवार) : एच्मियाड्झिन

येरेवानच्या पश्चिमेला 20 किलोमीटर. गावाचं नाव वाघार्शापात, ही त्रदातची राजधानी. सकाळी दहाच्या आत पोचावं. मोठी उपासना साडेदहा-अकराच्या सुमारास सुरू होते आणि दोन तासांहून जास्त चालते, बहुतेक उभ्यानेच. वेदी उंच चौथऱ्यावर असते आणि काही वेळा पडदा ओढला जातो. मध्येच छमछम ऐकू येते, ती ‘क्शोत्स’ची. लांब दांडीवरच्या या धातूच्या चकतीला घुंगरं असतात. पवित्र भोजनाची भाकर बिनखमिराची आणि द्राक्षरसात पाणी मिसळलेलं नसतं.

एच्मियाड्झिन म्हणजे ‘एकुलता एक अवतरला’. ख्रिस्ताने सोन्याच्या हातोड्याने जमिनीवर घाव घालून जागा दाखवली, असा दृष्टान्त ग्रिगोरला झाला, तीच ही जागा. परंपरेने 301 ते 303 मधल्या मूळ बांधकामानंतर 483-84 मध्ये वाहान मामिकोन्यान या सरदाराने इथलं मुख्य चर्च नव्याने उभारलं. 1950 च्या दशकात अलेक्सांद्र साहिन्यान यांनी खोदकाम केलं, तेव्हा मुख्य वेदीच्या खाली अग्निकुंड सापडलं. याचे दोन अर्थ लागतात. ग्रिगोरने अग्निमंदिराच्या जागीच चर्च बांधलं, हा एक. पाचव्या शतकाच्या मध्यावर इराणच्या दुसऱ्या याज्दगर्दने आर्मेनियावर जरथुश्ती धर्म लादायचा घाट घातला, तेव्हा चर्चमध्येच अग्नी बसवला गेला, हा दुसरा. दुसरा अर्थ मनाला जास्त अस्वस्थ करतो : धर्मप्रसार एकाच दिशेने झाला नाही, मध्ये माघारही होती. तळघर नेहमी उघडं नसतं. संग्रहालयात आधी विचारावं. ख्रिस्ताच्या कुशीत खुपसला असं मानतात तो भाला तिथेच ठेवलेला आहे, ज्यावरून गेघार्दला ‘भाल्याचा मठ’ हे नाव पडलं. उत्तर भिंतीवर बाहेरून ग्रीक अक्षरं असलेली दोन जुनी शिल्पं आहेत, त्यातलं एक संत पॉल आणि थेक्ला यांचं. इथे आधी ग्रीक होतं, आर्मेनियन लिपी जन्मायची होती, याचा हा डोळ्यांसमोरचा पुरावा.

सालाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. 301 मध्ये रोममध्ये डायोक्लेशियनचं राज्य होतं आणि दोनच वर्षांत त्याने ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू केला. त्रदात गादीवर बसला तो रोमच्या बळावर. अशा राजाने नेमक्या त्याच वेळी रोमला नको असलेला धर्म घेतला असेल का, ही शंका अभ्यासकांना येते. ग्रिगोरला बिशपपदाची दीक्षा सीझेरियाच्या लिओन्तियसने दिली आणि ती 314 च्या सुमारास बसते, म्हणून बरेच जण धर्मांतर 314 च्या आसपास धरतात. उलट बाजूने, सम्राट माक्सिमिनने 312 च्या सुमारास आर्मेनियन लोकांवर ते ख्रिस्ती असल्याने चाल केली, असं युसेबियस हा समकालीन चर्च-इतिहासकार लिहितो. आपण 301 ही परंपरा म्हणून सांगावी, निर्विवाद तारीख म्हणून सांगू नये, एवढं पुरे.

दुपारी पायीच ह्रिप्सिमे (618) आणि गायाने (630) ही चर्च बघावीत. रोमहून पळून आलेल्या कुमारी जोगिणींपैकी ह्रिप्सिमेवर राजाचा डोळा गेला, तिने नकार दिला, सगळ्या मारल्या गेल्या. तिची समाधी चर्चच्या तळघरात आहे. दगड इथला तुफ्फ, ज्वालामुखीच्या राखेचा : खाणीतून काढताना मऊ, करवतीने कापता येईल असा, आणि हवा लागली की टणक होणारा. हजार-चौदाशे वर्षं धारदार राहिलेल्या कडांचं रहस्य तेच.

चर्चच्या आवारात कुणी मेंढा किंवा कोंबडा घेऊन उभं दिसेल. हा ‘मताघ’. पुजारी मीठ मंतरतो, ते जनावराला चाटवतात, मग कापून फक्त पाण्यात आणि मिठात शिजवतात. भाजायचं नाही, विकायचं नाही, मेंढा असेल तर सात घरी वाटायचा, आणि त्याच दिवशी संपवायचा. नवसाचा बोकड ज्याने पाहिला आहे त्याला यातलं काहीच परकं वाटणार नाही. देवळं गेल्यावर आम्ही खायचं काय, असं जुन्या पुजाऱ्यांच्या घराण्यांनी विचारलं, तेव्हा ग्रिगोरने त्यांना चर्चच्या सेवेत घेतलं आणि बळीतला वाटा राखून दिला, असं परंपरा सांगते. खुद्द महाधर्मगुरूचं पदही ग्रिगोरच्या घराण्यात बापाकडून लेकाकडे गेलं. त्याचा मुलगा आरिस्ताकेस 325 च्या निकियाच्या परिषदेला हजर होता. गुरवकी जशी वंशाने चालते तसंच हे, आणि ही रीत जुन्या देवस्थानांचीच होती. जुन्या धर्माची माणसं नव्या धर्मात अशी सामावली.

परतताना वाटेवर ज़्वार्त्नोत्सचे खांब अर्ध्या तासात होतात. सातव्या शतकातलं, दहाव्या शतकात कोसळलेलं, देखणं. आपल्या धाग्याला त्याची फारशी गरज नाही.

एक खुलासा भारतीय वाचकांसाठी. ‘आर्मेनियात हिंदूंची वसाहत होती आणि ग्रिगोरने त्यांची देवळं पाडली’ ही कथा आपल्याकडे फिरत असते. ती तारोनच्या इतिहासातून येते. गिसाने आणि देमेत्र हे दोन भारतीय राजपुत्र पळून आले, त्यांच्या मूर्ती पुजल्या जात, असं त्यात आहे. ग्रंथ चौथ्या शतकातल्या लेखकाच्या नावावर असला तरी रचना कितीतरी नंतरची आहे. त्यावर इतिहास म्हणून भिस्त ठेवता येत नाही. तारोन आज तुर्कस्तानात, मूश शहराच्या बाजूला आहे. वहाग्नचं आश्तिशातचं प्रसिद्ध देवस्थान पाडून जिथे पहिल्या चर्चपैकी एक उभं राहिलं, तेही तिकडेच. या सहलीत ते होणार नाही.

चौथा दिवस (सोमवार) : आघ्झ्क आणि ओशाकान

आज टॅक्सीच हवी, दिवसभराची. डोक्यावर लावायची बॅटरी घ्यावी, मोबाइलचा उजेड पुरत नाही.

आघ्झ्क हे आरागात्सच्या उतारावरचं खेडं. 364 च्या सुमारास इराणच्या दुसऱ्या शापूरच्या सैन्याने आनी-कामाखची राजसमाधी फोडून आर्मेनियन राजांची हाडं पळवली. राजांची हाडं नेली की राज्याचं तेज जातं, अशी समजूत होती. आर्मेनियन सेनापतीने ती परत मिळवून इथे पुरली. या हाडांत ख्रिस्ती राजे होते, तसे जुन्या देवांचे भक्तही होते. कोणतं हाड कुणाचं हे कळेना, म्हणून वाघार्शापातच्या संतांशेजारी न पुरता इथे आणली, असं मोव्सेस खोरेनात्सी हा जुना आर्मेनियन इतिहासकार सांगतो.

समाधी दुमजली होती. वरचा मजला पडला, खालची दगडी खोली शाबूत आहे. दार बुटकं, वाकूनच शिरावं लागतं, आत जमीन ओली असू शकते. दोन बाजूंना दोन कमानदार कोनाडे. बॅटरी समोरून न धरता भिंतीला लावून तिरपी धरावी, तरच उठाव दिसतो. एकीकडे हात उंचावलेला दानिएल आणि दोन सिंह, बायबलमधलं दृश्य. दुसरीकडे शिकारी, कुत्रे आणि भाल्याच्या टोकावरचं रानडुक्कर. खोर विरापच्या कथेतलं तेच जनावर, पण इथे राजेशाही शिकारीचं. धर्मांतरानंतर साठेक वर्षांनी राजघराण्याच्या थडग्यात दोन्ही चित्रं समोरासमोर बसली आहेत, आणि कारागिराला त्यात काही विसंगती वाटलेली दिसत नाही. पाच दिवसांत एकच जागा बघता येणार असेल तर ही बघावी. शेजारी जुन्या चर्चच्या पडक्या भिंती आहेत.

जेवणाला शाकाहारी मंडळींनी ‘पासुत्स’ असं विचारावं, म्हणजे उपवासाचं : मांस, अंडी, दूध काहीच नसलेलं. कोबीच्या पानात डाळी-धान्यं गुंडाळलेला पासुत्स तोल्मा पोटभर होतो. रानभाज्या भरलेली झिंग्यालोव हात्स तर आपल्या पराठ्याचीच बहीण. दही चालत असेल तर दही-गव्हाचं सूप ‘स्पास’ मागवावं.

ओशाकानला माश्तोत्सची समाधी आहे, चर्चच्या वेदीखाली. 440 मध्ये तो गेला. चर्च एकोणिसाव्या शतकातलं, आवारात अक्षरांच्या आकाराचे खाचकार, म्हणजे क्रूसशिळा, उभे आहेत. इथवर एक प्रश्न राहिलाच होता : चौथ्या शतकातला आर्मेनियन शेतकरी चर्चमध्ये ऐकत काय होता? ग्रीक किंवा सिरियाक, म्हणजे सिरियाकडच्या ख्रिस्ती लोकांची भाषा. लिपी नव्हती, म्हणून बायबलही स्वतःच्या भाषेत नव्हतं. वाचक परक्या भाषेत वाची, दुभाषा तोंडी अर्थ सांगे. दुभाष्याविना सगळं अडे. धर्म ज्या दोन वाटांनी आला त्यांचे ठसे शब्दांत राहिले : चर्चला ‘येकेघेत्सी’, बिशपला ‘येपिस्कोपोस’, हे ग्रीक, कॅपाडोशियाच्या वाटेने, पुजाऱ्याला ‘काहाना’, साधूला ‘आबेघा’, हे सिरियाक, दक्षिणेकडून एदेसाच्या वाटेने. ग्रिगोरच्या कथेत पहिलीच वाट दिसते. दुसरी शब्दांनी सांभाळली.

पाचवा दिवस (मंगळवार) : मातेनादारान

माश्तोत्स रस्त्याच्या टोकाला, चढावर. पायऱ्यांवर त्याचा पुतळा, शेजारी गुडघे टेकलेला शिष्य कोर्युन, ज्याने गुरूचं चरित्र लिहिलं. काम कसं झालं, ते त्याच्याकडूनच कळतं. गोघ्तनमध्ये उपदेश करताना माश्तोत्सला परक्या भाषेची अडचण जाणवली. महाधर्मगुरू साहाक आणि राजा व्रामशापूह यांनी पाठबळ दिलं. आधी दानिएल नावाच्या सिरियन बिशपकडची अक्षरं आणून मुलांना सुमारे दोन वर्षं शिकवून पाहिली. आर्मेनियनचे सगळे ध्वनी त्यात बसेनात. मग तो शिष्य घेऊन एदेसाकडे गेला, 405 च्या सुमारास अक्षरं ठरली आणि सामोसाताला रुफिनस नावाच्या ग्रीक लेखनिकाकडून त्यांना वळण मिळालं. एकूण 36. नऊ-नऊच्या चार रांगा लावल्या की एकम, दशक, शतक, हजार असे आकडेही तयार होतात. गेघार्दचं 664 वाचलं ते याच हिशेबाने. पहिलं भाषांतरित वाक्य नीतिसूत्रांतलं, ज्ञान आणि शिस्त जाणून घेण्याविषयीचं. बाराशे वर्षांनी थॉमस स्टीफन्सने ख्रिस्तपुराण मराठी ओव्यांत लिहिलं आणि ते 1616 मध्ये राचोलला छापलं, त्यामागची निकड हीच होती.

आत दोन तास ठेवावेत. मार्गदर्शक घ्यावा, पाट्या थोडक्या आहेत. सगळे मूशच्या प्रवचनसंग्रहापाशी गर्दी करतात. वजन 28 किलोच्या आसपास. 1915 मध्ये दोन स्त्रियांनी त्याचे दोन भाग करून तो वाचवला. गर्दी सरली की एच्मियाड्झिन शुभवर्तमानाचं सहाव्या शतकातलं हस्तिदंती वेष्टन जवळून बघावं.

माश्तोत्सच्या शिष्यांनी एदेसा, कॉन्स्टँटिनोपलला जाऊन ग्रंथ आणले आणि भाषांतराचा सपाटा लावला. या ‘तार्गमानिच’ मंडळींच्या, म्हणजे भाषांतरकारांच्या नावे आर्मेनियन चर्चमध्ये ऑक्टोबरात सण असतो. त्यांच्या कामाचा एक पुरावा 1904 मध्ये येरेवानमध्येच हाती आला. दुसऱ्या शतकातला लिऑनचा बिशप इरेनियस याने प्रेषितांच्या शिकवणुकीवर लिहिलेलं एक पुस्तक आर्मेनियन भाषांतरात, एका तेराव्या शतकातल्या हस्तलिखितात सापडलं. मूळ ग्रीक ग्रंथ आजवर मिळालेला नाही.